दारू सोडल्यावरही गाउटचा अटॅक आला, मग सोडून उपयोग काय?

उजवा_अंगठा

भावासाठी विचारतोय. वय ४६, वजन ९१ किलो, उंची पाच फूट आठ इंच. वर्षभरात उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी तीन अटॅक येऊन गेले. युरिक ॲसिड ८.९, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.१. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ असं लिहिलंय. पिणं म्हणाल तर आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी बिअर, नाहीतर व्हिस्कीचे दोन-तीन पेग. तीन आठवड्यांपूर्वी एका दिवसात सगळं बंद केलं. हात थरथरणं, घाम फुटणं वगैरे काही झालं नाही. आणि एकोणिसाव्या दिवशी पुन्हा अटॅक, ह्या वेळी डाव्या घोट्यात.

आता त्याचं म्हणणं असं, की सोडूनही येणारच असेल तर सोडायची कशाला?

१) बंद केल्यावर अटॅक का यावा?
२) नुसती दारू सोडून युरिक ॲसिड किती उतरतं?
३) बिअर वाईट, वाइन आणि व्हिस्की चालते, हे खरं का?
४) कायमची सोडायची, की आटोक्यात ठेवली तरी भागतं?

दुखण्यावरचे घरगुती उपाय कृपया नकोत, ते भरपूर गोळा झालेत.

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण लोक नेमके इथेच परत बाटलीकडे वळतात.

अटॅक रक्तातल्या युरिक ॲसिडमुळे थेट येत नाही. सांध्यात साचलेल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येतो. शरीराच्या तापमानाला १०० मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत युरेट (युरिक ॲसिडचंच रक्तातलं रूप) विरघळून राहतं, त्यावर गेलं की स्फटिक बनू शकतात. तापमान उतरलं की ही मर्यादाही खाली येते. पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला, तुलनेने गार, म्हणून पहिला मान बहुतेक वेळा त्याचाच. ८.९ वर वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाच्या सांध्यात हा साठा आधीच आहे, न दुखणाऱ्या सांध्यांतसुद्धा. घोट्यात नवीन काही झालेलं नाही, तिथे माल होताच.

जुन्या नळाच्या आत क्षाराचा थर बसलेला असतो तो आठवा. पाणी बदललं की थर विरघळायला लागतो, आणि विरघळताना आधी त्याचे पोपडे सुटतात. सांध्यातही तसंच होतं. युरिक ॲसिड खाली आलं की स्फटिकांचा पृष्ठभाग ढिला होतो, कण सांध्याच्या पाण्यात सुटतात, पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि सूज येते. पातळी चढतानाही अटॅक येतो आणि उतरतानाही. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत अटॅक येतात त्याचंही कारण हेच. तेव्हा एकोणिसाव्या दिवसाचा अटॅक हा दारू सोडणं फुकट गेल्याचा पुरावा नाही. पातळी हलल्याची ती खूण असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा प्रश्न मात्र भावाला आवडणार नाही. आहार, दारू, सगळं सांभाळून युरिक ॲसिड साधारण एका मिलिग्रॅमने उतरतं. रोज भरपूर पिणाऱ्याचं जास्त उतरू शकतं, पण हिशोब करताना एकच धरा. ८.९ वजा १ म्हणजे ७.९. ते ६.८ च्या वरच आहे, म्हणजे जुने स्फटिक जागेवर आणि नवे बनायलाही वाव. स्फटिक विरघळायला पातळी कायम ६ च्या खाली हवी. कातडीखाली साचलेल्या युरेटच्या गाठी दिसायला लागल्या असतील तर ५ च्या खाली. रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये असेल तर ६ म्हणजे साधारण ३६०.

ह्यात कष्ट कमी पडण्याचा संबंध नाही. गाउट असलेल्या दहांपैकी जवळपास नऊ जणांची मूळ अडचण मूत्रपिंडातून युरेट पुरेसं बाहेर न पडण्याची असते, आणि ती बरीचशी जन्मजात असते. दारू त्या चोंदलेल्या मोरीत वरून बादली ओतते. बादली थांबवायलाच हवी, पण मोरी त्याने उघडत नाही.

बादली कशी ओतली जाते तेही थोडक्यात. यकृतात दारू मोडताना पेशींचं इंधन, एटीपी, खर्ची पडतं. त्याचा उरलेला भाग मोडत मोडत युरिक ॲसिडपर्यंत जातो. त्याच वेळी लॅक्टेट वाढतं. मूत्रपिंडातला जो वाहक युरेट परत रक्तात ओढतो तो ह्या लॅक्टेटच्या बदल्यात आणखी जोमाने ओढायला लागतो. म्हणजे तयार होणं वाढलं आणि बाहेर जाणं घटलं. बिअरमध्ये ह्यावर तिसरी भर, यीस्टमधून आलेली प्युरिनं, म्हणजे ज्यांचं मोडून युरिक ॲसिड बनतं ते घटक. त्यातलं ग्वानोसिन शरीरात सहज शोषलं जातं.

दवाखान्यातली

मोजपट्टींनी गणित मांडलंय, मी आधी धोक्याचं सांगते. धागा वाचून कुणीतरी आज रात्रीपासून बंद करेल म्हणून.

उजवा_अंगठा, तुमच्या भावाला तीन आठवडे झाले आणि थरथर वगैरे झाली नाही, म्हणजे त्याच्यापुरता हा टप्पा मागे पडला. पण जो माणूस रोज, भरपूर, वर्षानुवर्षं पितोय, सकाळी उठल्यावर हात कापतात म्हणून एक घोट घेतोय, त्याने घरच्या घरी एकदम थांबवू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड, उलटी. फिट यायचीच तर बहुतेक ४८ तासांच्या आत. आणि ४८ ते ९६ तासांमध्ये भ्रम, भास, ताप, बडबड अशी अवस्था येऊ शकते, तीत जीव जातो. पूर्वी कधी सोडताना फिट आली असेल तर पुन्हा येण्याचा धोका जास्त. अशा माणसाला आठवडाभराच्या औषधांची आणि देखरेखीची गरज असते. सोबत थायमिन, म्हणजे ब१. त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होते.

आपण कुठल्या गटात हे घरबसल्या तपासायला जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची यादी आहे. एकूण गुण ४० पैकी. ८ किंवा जास्त आले तर पिणं धोकादायक पातळीवर, २० किंवा जास्त आले तर अवलंबित्व धरून चाला आणि डॉक्टरांकडे जाऊनच सोडा. उत्तरं बायको किंवा भाऊ शेजारी बसवून लिहा. एकट्याने लिहिलेल्या उत्तरांत गुण नेहमी कमी पडतात.

सोडण्यासाठी जी औषधं देतात त्यात गाउटवाल्यांनी दोन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घालायच्या. ॲकॅम्प्रोसेट मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड मंदावलं असेल तर मात्रा कमी लागते आणि फारच मंदावलं असेल तर ते देतच नाहीत. गाउटमध्ये मूत्रपिंड मंदावलेले बरेच असतात. दुसरं नाल्ट्रेक्सोन. अटॅकच्या दुखण्यावर कुणी ट्रॅमाडॉलसारखी गोळी देत असेल तर ह्या दोघांचं अजिबात जमत नाही: वेदनाशामक काम करत नाही आणि आधीपासून घेत असलेल्याला भलताच त्रास सुरू होतो. आणि डायसल्फिराम, म्हणजे जिच्यावर दारू प्यायली की त्रास होतो ती गोळी, माणसाला न सांगता जेवणात मिसळून देण्याचा उद्योग कृपा करून करू नका. रक्तदाब कोसळतो, छातीत दुखतं, माणूस दगावू शकतो.

सोडापाणी

व्यवहारातलं थोडं. सोडणाऱ्याची पहिली चूक ग्लासात काय भरायचं इथे होते.

दारूच्या जागी कोला, गोड सोडा, डब्यातला रस आला की कमावलेलं बरंचसं गेलं. साखरेतलं फ्रुक्टोजही यकृतात एटीपी खातं आणि युरिक ॲसिड बनवतं, दारूसारखीच चाल. २००८ मध्ये पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्यांत गाउट होण्याचा धोका महिन्यात एकही न पिणाऱ्यांच्या तुलनेत ८५ टक्के जास्त दिसला. बिनसाखरेच्या शीतपेयांत तसा दिसला नाही. दारू बंद केली की पहिले काही आठवडे गोडाची ओढ लागते, म्हणून हे आधीच ठरवून ठेवा. साधा सोडा, त्यात लिंबू, बर्फ. त्याच ग्लासात, त्याच वेळी. हातातला गार ग्लास ही निम्मी सवय असते.

अल्कोहोल नसलेली बिअर हा पळवाटेचा राजमार्ग आहे. अल्कोहोल काढलं तरी यीस्टची प्युरिनं बाटलीत राहतातच. लेबलही नीट वाचा, ०.० वेगळं आणि ०.५ टक्के वेगळं. खऱ्या बिअरपेक्षा बरी, पण रोजची नको. शिवाय तीच चव, तीच बाटली, तोच फेस. काहींना ती टेकू होते, काहींना परतीची पायरी. दोन आठवड्यांत ओढ वाढतेय असं वाटलं तर ती बंद करावी.

ओढ साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास जोरात असते, मग ओसरते. ती कधी येते तेही ठरलेलं असतं: पोट रिकामं असताना, डोकं तापलेलं असताना, एकटं असताना, दमून आल्यावर. ह्यातलं रिकामं पोट सगळ्यात सोपं, म्हणून संध्याकाळी पिण्याच्या वेळेआधी तासभर पोटभर काहीतरी खाऊन घ्यायचं. ऐकायला बाळबोध, पण सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं हेच. घरात बाटली ठेवून निश्चयाची परीक्षा घेऊ नये. 'पाहुण्यांसाठी असू दे' म्हणून ठेवलेल्या बाटल्या पाहुण्यांपर्यंत पोचत नाहीत.

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर, दिवसभर विभागून. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि उत्साहाच्या भरात उपास किंवा झटपट वजन उतरवण्याचा कार्यक्रम त्याच महिन्यात सुरू करू नका. उपाशी राहिलं की शरीरात कीटोन वाढतात, तेही युरेटला बाहेर जाऊ देत नाहीत, आणि अटॅक येतो. ९१ किलोवरून खाली यायलाच हवं, पण महिन्याला दोन-तीन किलोच्या चालीने. दारूच्या प्रत्येक ग्रॅममागे सात कॅलरी असतात, तेवढ्या कमी झाल्या तरी सुरुवात होते.

उजवा_अंगठा

सगळ्यांचे आभार. पोपड्यांचं उदाहरण भावाला वाचून दाखवलं, थोडा नरम पडलाय. पण लगेच दोन मुद्दे काढले. एक, 'वाइनने गाउट होत नाही असं संशोधन आहे.' दोन, 'मी रोजची सोडतो, फक्त शनिवारी पितो.'

मोजपट्टी

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक.

तो ज्या संशोधनाबद्दल बोलतोय ते २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. ४७,१५० पुरुष, सुरुवातीला एकालाही गाउट नाही, १२ वर्षं पाठपुरावा. रोजच्या प्रत्येक बिअरमागे गाउट होण्याचा धोका साधारण ४९ टक्के वाढलेला, कडक दारूच्या प्रत्येक पेगमागे १५ टक्के, आणि वाइनच्या बाबतीत म्हणावी अशी वाढ नाही. इथपर्यंत बरोबर. पण हा प्रश्न होता 'ज्याला गाउट नाही त्याला होईल का'. भावाला झालेला आहे. त्याचा प्रश्न 'पुढचा अटॅक येईल का' हा आहे, आणि त्यावर वेगळा अभ्यास आहे. २०१४ मध्ये आलेला, गाउट असलेल्या ७२४ जणांचा. प्रत्येकाची अटॅकच्या आधीच्या २४ तासांची त्याच्याच बिनअटॅकच्या दिवसांशी तुलना केली. त्या २४ तासांत एकापेक्षा जास्त ते दोन पेयं घेतली असतील तर अटॅकचा धोका ३६ टक्के जास्त, दोन ते चार घेतली असतील तर ५१ टक्के जास्त. आणि वाइन, बिअर, कडक दारू, तिन्हींत धोका वाढलेला. साठा आधीच असेल तर ठिणगी कुठल्या बाटलीतून आली ह्याने फरक पडत नाही.

'एक पेय' म्हणजे साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल. हे ग्रॅम स्वतः काढता येतात: मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. ५ टक्क्यांची ३३० मिलिलिटर बिअर म्हणजे १३ ग्रॅम. ८ टक्क्यांची 'स्ट्राँग' ५०० मिलिलिटर म्हणजे जवळपास ३२, एका कॅनमध्ये सव्वादोन पेयं. ४२ टक्क्यांची व्हिस्की ६० मिलिलिटर म्हणजे २०. १३ टक्क्यांची वाइन १५० मिलिलिटर म्हणजे १५ च्या वर. आता घरचा पेग मोजा, पाण्यानेच. नेहमीच्या ग्लासात डोळ्यांना 'एक पेग' वाटेल इतकं पाणी ओता, मग ते औषधाच्या मापात किंवा मिलिलिटरच्या रेघा असलेल्या कपात ओता. साठ समजून नव्वद निघणं अगदी नेहमीचं. मग 'दोन-तीन पेग' म्हणजे नक्की किती ग्रॅम ते भावालाच काढू द्या.

दुसरा मुद्दा. शनिवारी एकदम प्यायची ही सगळ्यात वाईट वाटणी आहे. आठवड्याचा कोटा एका रात्रीत गेला की लॅक्टेट एकदम चढतं, लघवीवाटे पाणी जातं, सोबत चकण्यात प्युरिनवालं खाणं असतं, वर झोप तुटक. युरेट एका रात्रीत वर आणि दोन दिवसांत खाली, म्हणजे मघाशी म्हटलेले दोन्ही धक्के दर आठवड्याला. शनिवारी पिऊन पहाटे दोन वाजता पांघरुणाचं टोकही अंगठ्याला सहन होत नाही, ते उगाच नाही.

शिसपेन्सिल

एक फाटा. हातभट्टीची किंवा चोरून गाळलेली दारू पिणाऱ्यांत गाउटचा वेगळाच प्रकार असतो, शिशामुळे होणारा. अमेरिकेच्या दक्षिण भागात गाड्यांचे जुने रेडिएटर वापरून दारू गाळायचे, त्यांच्या डाखाचं शिसं दारूत उतरायचं. शिसं मूत्रपिंड खराब करतं आणि युरेट आत अडकतं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गाउट इतका बोकाळला त्यात शिसं उतरलेल्या वाइनचाही हात असल्याचं मानतात. कुणाचा असा इतिहास असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांना विचारावी. नाहीतर दारू सोडूनही मूत्रपिंड का बिघडतंय ते कळत नाही.

दवाखान्यातली

शिसपेन्सिल, चांगला मुद्दा. आता औषधांचं, कारण भावाचे वर्षात चार अटॅक झालेत. वर्षाला दोन किंवा जास्त अटॅक, दिसणाऱ्या गाठी, किंवा एक्स-रेमध्ये सांध्याची झीज, ह्यातलं काहीही असेल तर युरिक ॲसिड उतरवणारं औषध सुरू करावं अशी अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीची २०२० ची ठाम शिफारस आहे. तो त्यात बसतो. दारू सोडणं औषधाऐवजी नाही, औषधासोबत.

खाली लिहितेय ते डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून, स्वतः सुरू करण्यासाठी नाही.

ॲलोप्युरिनॉल दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून सुरू करतात. दर दोन ते पाच आठवड्यांनी तपासणी, मग १०० ने वाढ, ६ च्या खाली येईपर्यंत. मूत्रपिंड मंद असेल तर सुरुवातही कमी आणि वाढही कमी. इथे दोन चुका सारख्या होतात. पहिली, १०० वर ठेवून वर्षभर कुणी तपासतच नाही आणि मग 'औषध लागू पडत नाही'. बऱ्याच जणांना ३०० च्याही वर जावं लागतं. दुसरी, अटॅक आला की रुग्ण गोळी थांबवतो. थांबवायची नाही. थांबवली की पातळी उसळी घेते, पुन्हा सुरू केली की उतरते, आणि प्रत्येक हेलकाव्याला पोपडे. एका बाबतीत मात्र त्याच क्षणी थांबवायची: अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप. दुर्मीळ पण जिवावर बेतणारी प्रतिक्रिया असते, बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. ज्या वंशांत तिचा धोका जास्त आहे, उदाहरणार्थ चिनी, कोरियन, थाय, त्यांच्यासाठी आधी जनुकीय तपासणी असते. ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणाऱ्यांनी ॲलोप्युरिनॉलचा विषय डॉक्टरांकडे आवर्जून काढायचा, दोन्ही एकत्र घातक ठरतात.

सुरुवातीचे अटॅक टाळायला सोबत कोल्चिसिन, ०.५ किंवा ०.६ मिलिग्रॅम रोज एकदा, कधी दोनदा, तीन ते सहा महिने. भावाला दारू सोडताना हे कवच नव्हतं. आता औषध सुरू करताना असू द्या, नाहीतर पुढच्या अटॅकला तो गोळीलाही हेच म्हणेल. कोल्चिसिनवर असताना क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक कुणी लिहिलं तर आधी सांगा, कोल्चिसिन अंगात साचून विषबाधा होते. जुलाब लागले तर मात्रा जास्त होतेय असं समजा.

हायड्रोक्लोरोथायझाइड हा मला ह्या प्रश्नातला सगळ्यात दुर्लक्षित धागा वाटतो. लघवी वाढवणाऱ्या ह्या गोळ्या युरेट आत अडकवतात. रक्तदाबासाठीच लोसार्टान घेतलं तर ते उलट थोडं युरेट बाहेर काढतं. बदल डॉक्टरच करतील, पण विचारा. नेहमीची तक्रार घेऊन गेलात तर पाकिटाकडे कुणी बघेलच असं नाही. हृदयासाठी चालू असलेली कमी मात्रेची ॲस्पिरिनही युरेट थोडं वाढवते, पण ती गाउटपायी बंद करू नये.

तपासणी कधी करायची हेही महत्त्वाचं. अटॅक चालू असताना युरिक ॲसिड खोटं कमी दिसू शकतं. ठणका आणि सूज पूर्ण गेल्यावर किमान दोन आठवड्यांनी रक्त द्या. नाहीतर ६.४ चा रिपोर्ट पाहून 'हे गाउट नव्हेच' असं ठरतं आणि वर्ष वाया जातं.

अटॅकमधल्या गोळ्यांवर दारू नको, अगदी 'दुखणं विसरायला' एकसुद्धा. इंडोमेथॅसिन, नॅप्रोक्सेनसारख्या गोळ्या आणि दारू एकत्र म्हणजे जठरातून रक्तस्राव, शिवाय मूत्रपिंडावर ताण.

आणि सांधा लाल, गरम, सोबत थंडी वाजून ताप, तर 'नेहमीचा गाउट' म्हणून घरी बसू नका. सांध्यात जंतुसंसर्ग अगदी असाच दिसतो, दोन्ही एकदम असू शकतात, आणि काही दिवसांत सांधा कायमचा जाऊ शकतो. सुईने पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हाच खरा निकाल.

उजवा_अंगठा

लोसार्टानचं विचारतो, हे कुणीच सांगितलं नव्हतं. चौथा प्रश्न राहिला. कायमची, की कधीतरी एखादी चालेल? हे नीट सांगितलं नाही तर तो स्वतःच उत्तर शोधेल.

मोजपट्टी

मार्गदर्शक तत्त्वांमध्ये शब्द 'मर्यादित ठेवा' असा आहे, 'कायम बंद' असा नाही. माझं मत त्यापेक्षा कडक आहे, आणि कारण हिशोबाचं आहे. स्फटिक विरघळायला महिने लागतात, गाठी असतील तर वर्षं. तेवढ्या काळात सांध्यात दारूगोळा शिल्लक असतो आणि कुठलाही हेलकावा त्याला पेटवतो. म्हणून पातळी ६ च्या खाली येऊन किमान सहा महिने तिथेच टिकेपर्यंत पूर्ण बंद. त्यानंतर, यकृत ठीक असेल, 'ऑडिट'मध्ये गुण कमी असतील आणि औषध नियमित चालू असेल, तर कधीतरी एखाद्या पेयाने आभाळ कोसळत नाही. ज्याचं 'एखादं' कधीच एकावर थांबत नाही त्याला मात्र ही सूट नाही. त्याने शून्यच धरावं, मोजण्यापेक्षा ते सोपं पडतं.

उलटं समजू नका: औषधाने पातळी आली म्हणजे पिण्याची मुभा मिळाली असं नाही. संध्याकाळी पिणारा माणूस रात्रीची गोळी विसरतो, हा औषध 'फेल' जाण्याचा सगळ्यात साधा प्रकार आहे. गोळी सकाळच्या ब्रशशेजारी ठेवा.

सोडापाणी

आणि मध्येच घसरला तर काय करायचं तेही आताच ठरवून टाका, त्या रात्री नाही. रोजची गोळी ठरल्याप्रमाणेच, चुकवायची नाही आणि भरपाई म्हणून दुप्पटही नाही. झोपण्याआधी आणि सकाळी पाणी. अटॅकसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत, घरात हाताला लागेल असं. कोल्चिसिनचा परिणाम पहिल्या १२ तासांत घेतलं तर सगळ्यात चांगला, आणि पहाटे दोनला औषधाचं दुकान उघडं नसतं.

एका वहीत चार रकाने आखा: तारीख, किती ग्रॅम, अटॅक कुठे, युरिक ॲसिड किती. भावाला स्वतःच्या हाताने भरू द्या. पहिली ओळ तयारच आहे: ८.९, चार अटॅक. पुढची ओळ घोटा उतरल्यावर दोन आठवड्यांनी.